घळईतली सावली

(तृतीय वर्ष कला, भूगोल विशेष)

'घळई म्हणजे काय?' हा प्रश्न आमच्या भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत दोन गुणांना येतो. 'नदी आपले काठ झिजवते त्याहून अधिक वेगाने तळ कापू लागली म्हणजे जी खोल, अरुंद आणि उभ्या भिंतींची दरी तयार होते तिला घळई म्हणतात' एवढे एक वाक्य लिहिले की दोन्ही गुण पदरात पडतात. तीन वर्षे मीही ते वाक्य इमानेइतबारे लिहीत आले. पण गेल्या ऑक्टोबरमध्ये अशाच एका घळईतून सोळा किलोमीटर चालण्याचा योग आला, आणि त्या वाक्यात काय काय राहून गेले आहे ते पायांनी शिकले.

योग असा की माझी मावशी जर्मनीत परिचारिका आहे. 'एकदा तरी ये, तिकिटाचं मी बघते' हा तिचा घोषा अनेक वर्षांचा. अखेर मी गेले आणि तिच्या आठवडाभराच्या रजेत आम्ही दोघी ग्रीसच्या क्रीट बेटावर पोहोचलो. क्रीट हे भूमध्य समुद्रातले पूर्व-पश्चिम पसरलेले लांबट बेट. त्याच्या पश्चिम भागात लेफ्का ओरी नावाची पर्वतराजी आहे. या नावाचा अर्थ 'पांढरे डोंगर'. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ असते आणि ते वितळले तरी उघडा चुनखडक पांढराच दिसतो. तेव्हा नाव बाराही महिने खरे ठरते. याच पर्वताच्या दक्षिण उतारावर समारियाची घळई आहे. माथ्याजवळच्या ओमालोस पठारापासून निघून ती थेट लिबियन समुद्रापर्यंत उतरते.

मित्रहो, आपण सह्याद्रीची मुले. आपल्याला कातळ म्हटले की काळा कातळच आठवतो. म्हणून आधी दगडाची ओळख करून देते. आपला बेसाल्ट हा लाव्हा थंड होऊन झालेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची ती देणगी. चुनखडक याच्या अगदी उलटा. तो समुद्राच्या तळाशी शंखशिंपले आणि सूक्ष्म जीवांची कवचे थरावर थर साचून झालेला. म्हणजे एकाचा जन्म आगीत, दुसऱ्याचा पाण्यात. आपल्याकडे चंद्रपूर-यवतमाळ भागात चुनखडक आहे आणि त्यावर सिमेंटचे कारखाने चालतात. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला तो बहुधा प्रयोगशाळेतल्या पेटीतच भेटतो. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसते, एवढीच आपली त्याच्याशी ओळख.

ती फसफसच सगळ्या घळईच्या मुळाशी आहे. पावसाचे पाणी हवेतून आणि त्याहूनही अधिक मातीतून कार्बन डायऑक्साइड घेते व किंचित आम्लधर्मी बनते. हे पाणी बेसाल्टचे फार थोडे बिघडवू शकते. चुनखडकाला मात्र ते अक्षरशः विरघळवते. खडकातल्या चिरा रुंदावत जातात, पाणी पृष्ठभागावरून वाहण्याऐवजी आत शिरते आणि डोंगर आतून पोकळ होऊ लागतो. ओमालोसचे पठार याचा उत्तम नमुना आहे. चहूकडे डोंगर असलेला तो एक सपाट वाडगा आहे. त्याला बाहेर जाणारी नदी नाही; पाणी एका टोकाशी असलेल्या गुहेच्या तोंडातून जमिनीखाली निघून जाते. वर्गात सर 'कार्स्ट प्रदेश' शिकवत असताना मी बाकावर नक्षी काढत होते, याचा तिथे उभी असताना पश्चात्ताप झाला.

आता कुणी विचारील, पाणी जर आत मुरते तर घळई कापली कुणी? याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा की क्रीट बेट वर उचलले जात आहे. आफ्रिकेचे भूपट्ट त्याच्या खाली सरकत असल्यामुळे हा सगळा प्रदेश लाखो वर्षे वर येत राहिला. जमीन वर येते तसतसा ओढा आपला तळ समुद्राच्या पातळीशी जुळवण्यासाठी खाली कापत जातो. हिवाळ्यातला पाऊस आणि वसंतातले वितळलेले बर्फ एकदम आले की ते सगळे चिरांत मावत नाही. मग ओढ्याला मोठा लोंढा येतो आणि दगडगोट्यांच्या कानशीने तळ घासला जातो. दुसरा भाग भिंतींचा. आपल्याकडे पावसाचे पाणी उतारावरून धावते, दरीचे काठ ढासळवते आणि दरी रुंद करते. चुनखडकात ते वरच्या वर चिरांत शिरत असल्याने काठांवरून फारसे धावतच नाही. तळ कापला जातो, काठ मात्र उभेच राहतात. प्रश्नपत्रिकेतल्या त्या एका वाक्यामागचे कारण हे.

आम्ही सकाळी लवकर हानिया शहरातून बसने निघून क्सिलोस्कालो या ठिकाणी पोहोचलो. या नावाचा अर्थ 'लाकडी जिना'. पूर्वी इथे झाडांच्या ओंडक्यांचा जिना करून लोक घळईत उतरत. आता दगड बसवलेली वळणावळणाची पायवाट आणि लाकडी कठडा आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर. म्हणजे दिवसभरात तेवढे सगळे उतरायचे. दारावर तिकीट मिळाले आणि ते जपून ठेवण्याची ताकीदही मिळाली. बाहेर पडताना ते दाखवावे लागते. संध्याकाळी आत कुणी राहिले नाही ना, याची खात्री त्यावरून होते. तेव्हा मला ती केवळ शिस्त वाटली.

पहिल्या तासाभरातच अर्ध्याहून अधिक उंची उतरून होते. वाट सोपी दिसते आणि तिथेच फसगत होते. चढताना दम लागतो म्हणून माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, पण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन रोखून धरतात आणि गुडघ्यांवर प्रत्येक पावलाला दणका बसतो. त्यात हजारो पावलांनी चुनखडक गुळगुळीत झालेला. सह्याद्रीत हिंडलेली म्हणून मी ऐटीत पुढे, मावशी मागे. दोनदा तिने हाक मारली, 'अगं, जरा दमानं!' मी हसून हात हलवला आणि पुढे गेले. ही चूक पुढे महागात पडली.

खाली उतरल्यावर प्रथम जाणवली ती सावली. घळई साधारण उत्तर-दक्षिण अशी गेली आहे. त्यामुळे सकाळी पूर्वेची भिंत सूर्य अडवते आणि दुपारनंतर पश्चिमेची. जिथे ती अरुंद आहे तिथे तळाला ऊन मिळते ते मध्यान्हीच्या आसपासच. वरचे डोंगर उन्हाने भाजून निघालेले, झुडपे काटेरी आणि करडी. आणि खाली मात्र गारवा, ओल, झाडांचा वास. वर पाइनची आणि सायप्रसची झाडे आहेत. सायप्रस म्हणजे आपला सरू. पण बागेतला शिडशिडीत सरू डोळ्यांपुढे आणू नका. इथले वृक्ष पसरट फांद्यांचे आणि कित्येक तर दोघींच्या कवेत न मावणारे. सेंट निकोलसच्या लहानशा प्रार्थनामंदिराजवळ असे काही वृक्ष आहेत की त्यांच्याखाली आपोआप आवाज खाली येतो. ओढ्याकाठी चिनार आहेत. काश्मिरातला चिनार तो हाच. मध्येच ओढा गोट्यांखाली गुप्त होतो आणि काही अंतरावर पुन्हा झऱ्यासारखा उसळून वर येतो. आत मुरलेले पाणी डोंगराने असे हप्त्याहप्त्याने परत दिलेले.

सांदणची दरी पाहिलेल्यांना या सावलीची थोडी कल्पना येईल. अकोले तालुक्यातल्या साम्रदजवळची ती बेसाल्टची चीर. तिलाही 'सावल्यांची दरी' म्हणतात. पण सांदणमध्ये मुक्काम ठोकावासा वाटला तरी तिथे आहे तो कातळ आणि पावसाळ्यातले पाणी. समारियात सावलीच्या आश्रयाने एक जगच वसले आहे. कड्यांच्या कपारीत दिक्तामो नावाची, पानांवर पांढरी लव असलेली सुगंधी वनस्पती उगवते. ती मुळात क्रीटखेरीज कुठेच नाही. जखमी रानबोकड ही पाने शोधून खातात आणि अंगात रुतलेला बाण गळून पडतो, अशी समजूत ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवली आहे.

ते रानबोकड म्हणजे क्री-क्री. घळईची खरी प्रतिष्ठा त्यांच्यामुळे. तांबूस करडा रंग, मानेवर काळा पट्टा, मागे वळलेली लांब शिंगे, आणि उभ्या कड्यावर जणू सपाट अंगण असल्यासारखे चालणे. शिकारीने त्यांची संख्या घटत गेली. दुसऱ्या महायुद्धात डोंगरात लपलेल्या गनिमी योद्ध्यांचेही ते अन्न होते. १९६० च्या सुमारास ते अवघे दोनशेच्या आत उरले. मग १९६२ मध्ये घळई राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली आणि १९८१ मध्ये युनेस्कोने तिला जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत घेतले. बोकड वाचले. हे काम चांगलेच झाले, यात मला शंका नाही.

यातली गंमत मात्र पुढे आहे. क्री-क्री हा मुळात रानटी प्राणीच नव्हे, असे आता संशोधक मानतात. हजारो वर्षांपूर्वी, नवाश्मयुगात, माणसाने होड्यांतून या बेटावर ज्या शेळ्या आणल्या त्यांतल्या काही डोंगरात पळाल्या. त्यांचे हे वंशज. म्हणजे माणसाच्या दावणीतून सुटलेला प्राणी या सावलीत 'रानटी' झाला.

सुमारे सात किलोमीटर चालल्यावर ओढ्यापलीकडे घरे दिसू लागली. समारिया गाव. इजिप्तच्या संत मारियाचे चौदाव्या शतकातले लहान चर्च इथे आहे; 'ओसिया मारिया' या तिच्या नावावरूनच गावाचे आणि घळईचे नाव पडले. लाकूडतोड आणि शेळ्या-मेंढ्या यांवर जगणारे लोक इथे शतकानुशतके राहत होते. उद्यान झाले त्या १९६२ सालीच शेवटची कुटुंबे गाव सोडून गेली. आज काही घरे दुरुस्त करून रक्षकांसाठी वापरली जातात. बाकीच्यांच्या नुसत्या दगडी भिंती उरल्या आहेत. अंगणात प्रवासी डबे उघडून बसतात आणि क्री-क्रीच्या धीट माद्या त्यांच्याभोवती घुटमळतात.

मी मात्र तिथे जेवू शकले नाही. एका पडक्या घराच्या उंबऱ्यापाशी उभी होते. उंबरा मधोमध झिजलेला होता. पायांनी झिजलेला दगड मला ओळखीचा होता.

हे सांगायला हवे. माझे आजोबा कोयनाकाठच्या एका गावचे. साठीच्या दशकात कोयनेचे धरण भरू लागले आणि शिवसागराच्या पाण्यात गाव गेले. कुणी कोकणात गेले, कुणी देशावर. आमच्या घरासारखी काही घरे नुसती वर सरकली, डोंगराच्या अंगाला. तिथे जम बसतो न बसतो तोच १९८५ मध्ये ते रान अभयारण्य झाले, आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. गुरे कुठे चारायची, लाकूड कुठून आणायचे, याची पुन्हा नवी गणिते. अखेर आमच्या वडिलांनी कऱ्हाड गाठले. उन्हाळ्यात पाणी उतरले की आजोबा आम्हा नातवंडांना काठावर नेत आणि बोटाने दाखवीत, 'त्या तिथं आपला उंबरा.' तिथे आम्हाला गाळाखेरीज काही दिसत नसे. आजोबांना दिसे.

आजोबा रागावून कधी बोलले नाहीत. धरणाची वीज आमच्याही घरात आली, मी तिच्याच उजेडात अभ्यास केला. त्यांचे म्हणणे एवढेच असे, 'कागदावर गाव बुडालं असं लिहिलं. माणसं उठवली असं कुणी लिहिलं नाही.' समारियाच्या त्या उंबऱ्यापाशी मला या वाक्याचा अर्थ लागला. घळईच्या माहितीफलकावर दगडाचे वय होते, झाडांची नावे होती, बोकडांचे चित्र होते. त्या उंबऱ्यावरून ये-जा करणाऱ्यांपैकी कुणाचे नाव मला कुठे सापडले नाही.

आणि ही घळई माणसांच्याही आश्रयाचीच होती. १७७० मध्ये दास्कालोयानिस याच्या नेतृत्वाखाली स्फाकिया भागातल्या लोकांनी तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला, तेव्हा बायका-मुलांना इथेच लपवले होते. अरुंद तोंडापाशी मूठभर माणसे मोठ्या फौजेला थोपवू शकत. शिवकालातल्या घाटवाटा आणि खिंडी आठवणाऱ्या वाचकाला याचे कारण वेगळे सांगायला नको. दगड, पाणी, झाड, बोकड आणि माणूस हे सगळे या सावलीचे आश्रित. त्यांपैकी एकालाच जावे लागले.

इकडे मावशी येऊन पोहोचली ती लंगडत. उजवा गुडघा सुजला होता. माझ्या मागे धावतपळत उतरल्याचा हा परिणाम. 'परत फिरायचं का?' मी विचारले. ती म्हणाली, 'कुठे फिरतेस? मागे सगळा मोठा चढ आहे.' घळईचा हा नियम पुस्तकात नसतो: मधोमध पोहोचलात की दोन्ही टोके सारखीच दूर असतात आणि बाजूला वाट नसते. अडलेल्यांना बाहेर काढण्यासाठी रक्षकांकडे खेचरे असतात. रक्षकाने विचारलेही. मावशी म्हणाली, 'अजून चालता येतंय.' मग मी तिची पिशवी घेतली, काठी शोधून दिली आणि प्रथमच तिच्या मागे चालू लागले.

मागे चालल्यावरच खरी घळई दिसली. भिंतींमध्ये खडकाचे थर चादरीच्या घड्यांसारखे दुमडलेले होते. समुद्रतळाशी सपाट साचलेले थर डोंगर उचलला जाताना असे वळले. मध्येच पाट्या होत्या: दगड पडतात, इथे थांबू नका, भराभर चला. मावशीला भराभर चालणे शक्य नव्हते. अशा जागी मी वर पाहत आणि देवाचे नाव घेत चाले. पाऊस झाला किंवा होण्याची चिन्हे दिसली की घळई बंद करतात. हिवाळाभर तर ती बंदच असते. साधारण मे ते ऑक्टोबर एवढाच तिचा हंगाम. ज्या भिंती सावली देतात, त्याच लोंढा आला तर पळायला जागा ठेवत नाहीत.

शेवटच्या टप्प्यात भिंती जवळ येत येत अवघ्या तीन-चार मीटरांवर येतात. या जागेला 'लोखंडी दारे' म्हणतात. दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंच कडे, खाली ओढा आणि त्यावर टाकलेल्या फळ्यांची वाट. दुपार असूनही तिथे संध्याकाळ होती. मावशीने एका भिंतीवर तळवा टेकला आणि म्हणाली, 'गार आहे गं. आपल्या जुन्या माजघरासारखं.' मी काहीच बोलले नाही.

बाहेर पडल्यावर रक्षकाने तिकिटे पाहिली. तेव्हा मला सकाळच्या त्या शिस्तीचा दुसरा अर्थ कळला. ज्या घळईत पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटत होत्या, तिथे आता रात्री रक्षकांखेरीज कुणी राहू नये यासाठी रोज संध्याकाळी हिशेब होतो.

पुढे तीन किलोमीटर उन्हातली वाट आणि मग आयिया रूमेली हे समुद्रकाठचे गाव. तिथे मोटाररस्ता नाही. यायचे ते पायी किंवा बोटीने. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले, तेव्हा ग्रीसचा राजा दुसरा जॉर्ज पांढरे डोंगर ओलांडून याच किनाऱ्यावर आला आणि ब्रिटिश जहाजाने निसटला. याच पश्चिम क्रीटचा किनारा इसवी सन ३६५ च्या प्रचंड भूकंपात काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत वर उचलला गेला. जुन्या पाणपातळीच्या खुणा खडकांवर आजही दिसतात. १९६७ च्या कोयना भूकंपाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलीला त्या पाहून काय वाटले असेल, ते मी वाचकांवर सोपवते. आम्हाला संध्याकाळची बोट मिळाली, ती सुटायला जेमतेम दहा मिनिटे असताना.

कुणाला कधी अशा वाटेने जायचे झाले तर चार गोष्टी सांगून ठेवते. पकड असलेले जुने, पायाला सवय झालेले बूट घाला. उतरताना पावले लहान टाका. पाण्याची बाटली वाटेतल्या झऱ्यांवर भरत राहा. आणि सोबतच्या सर्वांत सावकाश माणसाला पुढे ठेवा. शेवटची गोष्ट मी मावशीच्या गुडघ्याची किंमत देऊन शिकले.

आणि पाचवी गोष्ट आपल्या सह्याद्रीसाठी. रान राखलेच पाहिजे, बोकडही वाचले पाहिजेत आणि वाघही. पण सहलीला कुठल्याही दरीत, अभयारण्यात वा धरणाकाठी जाल, तेव्हा दगडाचे आणि झाडाचे नाव वहीत लिहून घेतल्यावर तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला एवढे विचारा, 'बाबा, इथे आधी कोण राहत होते?' तो नावे सांगेल. तीही वहीत लिहून घ्या. मी आजोबांकडून आमच्या गावची सगळी नावे लिहून घ्यायची राहून गेली. आता ते नाहीत.